वर्गातले बघे

१९८५ सालच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. टोकियोच्या नाकानो भागातल्या एका शाळेत, आपल्याकडच्या आठवीच्या वयाच्या मुलांनी एका वर्गमित्राच्या अंत्यविधीचा खेळ मांडला. मुलगा चांगला जिवंत होता आणि थोड्या वेळात वर्गात येणार होता. त्याच्या बाकावर त्याचा फोटो, फुलं आणि उदबत्त्या ठेवल्या गेल्या. सोबत एक जाड, चौकोनी कागद होता. जपानमध्ये कुणी शाळा किंवा नोकरी सोडून निघालं की अशा कागदावर सगळे निरोपाचे दोन शब्द लिहून सही करतात. या कागदावर जवळजवळ सगळ्या वर्गाच्या सह्या होत्या. आणि चार शिक्षकांच्याही. पोरांची काहीतरी गंमत चालली आहे, अशी त्यांची समजूत होती. हा मुलगा एका टोळक्याचा हरकाम्या झाला होता. सांगतील ते आणून द्यायचं, त्यांची दप्तरं वाहायची आणि वर मारही खायचा. पुढच्या फेब्रुवारीत, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली.

सह्यांच्या त्या कागदाने जपान हादरला. टोळक्यातली मुलं मोजकी होती, सह्या करणारे कितीतरी जास्त, आणि त्यातल्या बहुतेकांचं त्या मुलाशी काहीच वाकडं नव्हतं. त्याच वर्षी ओसाकाचे समाजशास्त्रज्ञ योजी मोरिता यांनी शाळेतल्या छळाची एक मांडणी केली. ती जपानी शिक्षकांना आजही शिकवली जाते. एकात एक चार वर्तुळं काढायची. मधोमध छळ सोसणारा, त्याच्याभोवती छळणारे, त्यांच्याभोवती हसून दाद देणारे आणि सगळ्यात बाहेर गप्प राहून बघणारे. मोरितांना वर्गावर्गांच्या पाहणीत असं दिसलं की एखाद्या वर्गात छळ किती होतो याचं नातं छळणाऱ्यांच्या संख्येपेक्षा बाहेरच्या वर्तुळातल्या बघ्यांच्या संख्येशी जास्त आहे.

ही गोष्ट आपल्याकडच्या शाळांपर्यंत फारशी पोचलेली नाही. आपल्याकडे असा प्रकार उघडकीला आला की मुख्याध्यापकांच्या खोलीत दोनच मुलांना बोलावलं जातं, त्रास देणारा आणि त्रास सोसणारा. एकाला दम मिळतो, दुसऱ्याला ‘तूही जरा खंबीर हो’ असा सल्ला मिळतो, मग दोघांनी हात मिळवायचे आणि वर्गात जायचं. उरलेले अठ्ठावन्न जण वर्गात बसून काय झालं असेल याची मजा घेत असतात. त्यांना कुणी काही विचारत नाही.

मुळात कशाला छळ म्हणायचं? मुलं भांडतात, चिडवतात, कट्टी घेतात, दुसऱ्या दिवशी एकाच डब्यात खातात. त्यात मोठ्यांनी नाक खुपसायची गरज नसते. नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी तीन खुणा सांगितल्या आणि जगभर त्याच वापरल्या जातात: त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हापुन्हा होतो आणि सोसणाऱ्याला उलट उत्तर देता येऊ नये इतकी दोघांची ताकद असमान असते. ताकद म्हणजे फक्त दंड नव्हे. लातूरहून पुण्याच्या शाळेत आलेल्या मुलाने ‘काय करालास?’ म्हणावं आणि पुढे वर्षभर तो बोलायला उभा राहिला की मागच्या बाकावरून तेच ऐकू यावं. मराठी माध्यमातून इंग्रजी शाळेत आलेल्या मुलीच्या प्रत्येक उच्चारावर खुसखुस व्हावी. कुणाच्या रंगावरून, जाडीवरून, वडिलांच्या धंद्यावरून नाव पडावं आणि ते शिक्षकांच्याही तोंडी बसावं. इथे ताकद बहुमताची असते, आणि ती बघ्यांकडून येते.

मुलींच्या वर्गांत, आणि हल्ली मुलांच्याही, हात न लावता केलेला छळ जास्त दिसतो. एक दिवस अचानक एकीशी बोलायचं बंद होतं. व्हॉट्सॲपवर ‘दहावी ब’ नावाचा ग्रुप असतो, आणि तिला वगळून केलेला दुसरा ग्रुपही असतो. ती डबा उघडून बसली की बाकीच्या उठून दुसरीकडे जातात. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं तर आता तो गुन्हा आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीला वर्गाने वाळीत टाकलं तर ‘बायकांची भांडणं’ म्हणून आपण हसतो!

ओल्वेउस यांच्याकडे परत वळू, कारण शाळेतला छळ कमी करता येतो का, याची मोजमाप करून केलेली पहिली मोठी चाचणी त्यांची आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते स्वीडनमध्ये या विषयावर काम करत होते, पण सरकारं हलली ती १९८२ च्या अखेरीस. नॉर्वेच्या उत्तर भागात दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या, आणि त्यामागे बहुधा सवंगड्यांकडून झालेला छळ असावा असं दिसून आलं. १९८३ च्या शरदात देशभर मोहीम सुरू झाली. ओल्वेउस यांच्या प्रश्नावलीतून त्या वेळी काढलेला अंदाज असा की नॉर्वेतली १५ टक्के शाळकरी मुलं, म्हणजे सुमारे ८४ हजार, या प्रकारात एक तर सोसणारी तरी होती किंवा त्रास देणारी तरी. श्रीमंत, शांत, समतेचा वारसा सांगणाऱ्या देशातली ही आकडेवारी आहे. युनेस्कोने २०१९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात जवळपास दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाला आदल्या महिन्याभरात निदान एकदा तरी असा त्रास झालेला असतो.

बर्गेनच्या ४२ शाळांतल्या अडीच हजार मुलांवर ओल्वेउस यांनी आपला कार्यक्रम दोन वर्षं राबवला आणि छळाचं प्रमाण निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त घटल्याचं नोंदवलं. त्यात जादू काही नव्हती. प्रत्येक वर्गाचे छळाविषयीचे दोन-तीन साधे नियम, ते मुलांशी बोलून ठरवलेले. सुट्टीत मैदानावर मोठ्या माणसांची खरीखुरी हजेरी. आठवड्याला वर्गात बसून या विषयावर बोलणं. आणि प्रकार कळल्याबरोबर संबंधित मुलांशी व पालकांशी गंभीर बोलणं. मात्र त्याच मोहिमेचं साहित्य पोचलेल्या रोगालांड भागात तीन वर्षांनी मोजदाद झाली तेव्हा असं यश दिसलं नाही. फरक कुठे पडला यावर अभ्यासक बरेच भांडले. बर्गेनच्या शाळांना संशोधकांची सतत साथ होती, त्यांचेच आकडे त्यांना परत दाखवले जात होते, ही त्यातली मला सगळ्यात पटणारी बाजू. पुस्तिका छापून शाळांना पाठवली आणि काम झालं, असं होत नाही. आपल्याकडे परिपत्रकांवर चालणाऱ्या शिक्षण खात्याने रोगालांडचं उदाहरण भिंतीवर लावावं.

मैदानावर नेमकं घडतं तरी काय? नव्वदच्या दशकात कॅनडातल्या डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग यांनी टोरांटोच्या शाळांत मुलांच्या अंगावर छोटे बिनतारी मायक्रोफोन लावले आणि लांबून कॅमेऱ्याने सुट्टीतलं सगळं टिपलं. प्रश्नावलीत मुलं आणि शिक्षक जे सांगतात त्यापेक्षा हे चित्र बरंच वेगळं निघालं. छळाच्या ८८ टक्के प्रसंगी आजूबाजूला इतर मुलं हजर होती. जमलेल्या मुलांचा निम्म्याहून जास्त वेळ नुसतं उभं राहून बघण्यात गेला, आणि एकपंचमांश वेळ त्यांनी त्रास देणाऱ्यालाच साथ दिली. कुणी मधे पडलं ते फक्त १९ टक्के प्रसंगांत. शिक्षकांचं विचाराल तर मैदानावरच्या शंभरातल्या चार प्रसंगांत ते मधे आले. पण याच चित्रफितींत एक दिलासाही होता. एखादं मूल मधे पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. दहा सेकंद! मारामारी करावीच लागते असं नाही, भाषणही द्यावं लागत नाही. ‘ए, सोड ना त्याला’ एवढ्यावरही भागू शकतं.

मग मुलं मधे का पडत नाहीत? चुकीचं आहे हे त्यांना कळत असतं; विचारलं तर बहुतेक मुलं तसंच सांगतात. पण बाकीचे हसताहेत म्हणजे त्यांना पटतंय, असं प्रत्येकाला वाटतं, आणि बाकीच्यांनाही याच्याबद्दल तेच वाटत असतं. शिवाय उद्या आपला नंबर लागेल ही भीती असतेच. ती खोटी नाही.

त्रास देणाऱ्या मुलाविषयीची एक समजूत इथे बाजूला सारायला हवी. हा मुलगा मनातून घाबरट, न्यूनगंडाने पछाडलेला, घरी मार खाणारा असतो असं सिनेमात दाखवतात. काही तसे असतातही. पण ओल्वेउस यांना असा लपलेला न्यूनगंड सापडला नाही, आणि फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांच्या कामातून दिसलं ते वेगळंच: यातली पुष्कळ मुलं वर्गात वजन असलेली असतात आणि ते वजन टिकवण्यासाठीच छळतात. सावज निवडतात तेही ज्याच्या बाजूने कुणी उभं राहणार नाही असं. म्हणजे हा प्रयोग प्रेक्षकांसाठी असतो. तिकीट विकलं गेलं नाही की नाटक बंद पडतं. परिपाठाच्या वेळी अशा मुलाला समोर उभं करून मुख्याध्यापकांनी झाडणं हे म्हणूनच घातक. अख्ख्या शाळेसमोर त्याचं नाव घेतलं गेलं, त्याला आणखी काय हवं?

साल्मिवाल्ली या तुर्कू विद्यापीठात शिकवतात. १९९६ मध्ये त्यांनी वर्गातल्या बघ्यांची नीट वर्गवारी केली: छळाला हातभार लावणारे, हसून चेव देणारे, अलिप्त राहणारे आणि सोसणाऱ्याची बाजू घेणारे. पुढे दहा वर्षांनी फिनलंडच्या शिक्षण मंत्रालयाने त्यांच्या गटाला देशभर वापरता येईल असा कार्यक्रम करायला सांगितलं. त्याचं नाव कीवा. २००७ ते २००९ या काळात २३४ शाळांत त्याची चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांत कार्यक्रम आणि निम्म्यांत नाही, अशी. ही चाचणी सुरू असतानाच २००७ मध्ये योकेलाच्या आणि २००८ मध्ये काउहायोकीच्या शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांनी गोळीबार केले आणि सगळा देश शाळांकडे बघू लागला. पुढे फिनलंडमधल्या बहुसंख्य शाळांनी कीवा घेतला.

कीवातलं वर्गातलं काम मोठं आहे: वर्षभराचे तास, अभिनय, संगणकावरचा खेळ. सुट्टीत मैदानावर उभे राहणारे शिक्षक लांबून दिसतील असे भडक रंगाचे जाकीट घालतात. पण मला त्यातला खरा ऐवज वाटतो तो प्रकार उघडकीला आल्यावरच्या कामाचा. ते जरा तपशिलात सांगतो.

प्रत्येक शाळेत तीन मोठ्या माणसांचा एक गट असतो. तक्रार आली, आणि हे साधं भांडण नसून छळ आहे अशी खात्री झाली, की गटातले एक-दोन जण आधी सोसणाऱ्या मुलाशी बोलतात. काय झालं, किती दिवस चाललंय, कोण कोण असतं, आणि आता शाळा काय करणार आहे ते. त्यानंतर त्रास देणाऱ्यांना बोलावतात, पण एकत्र नाही. एकेकाला, एकामागून एक, त्याच दिवशी, तासिका चालू असताना, आणि आधी न सांगता. एक बाहेर पडला की दुसरा आत, म्हणजे मधल्या वेळात ‘तू काय सांगितलंस’ याची जुळवाजुळव होत नाही. बोलणं थोडकंच. काही शाळा सरळ सांगतात: हे आम्हाला कळलं आहे आणि ते आजपासून बंद व्हायला हवं. काही शाळा दोष न देता सांगतात: त्या मुलाचं बरं चाललेलं नाही, तुला काय करता येईल? मुलाच्या तोंडून एखादी ठोस गोष्ट वदवून घेतात आणि ती लिहून ठेवतात. सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा भेट होते. आधी सोसणाऱ्याला विचारतात की थांबलं का, मग बाकीच्यांना बोलावतात. ही दुसरी भेट ठरलेली असते आणि मुलांना ती आधीपासून माहीत असते. आपल्याकडे नेमकी हीच राहून जाते.

याच्या जोडीला वर्गशिक्षक आणखी एक गोष्ट करतात. वर्गात ज्यांच्या शब्दाला किंमत आहे अशी दोन ते चार समंजस मुलं निवडून त्यांच्याशी वेगळं बोलतात. त्यांनी पहारा ठेवायचा नसतो, चुगल्या करायच्या नसतात. त्या मुलाजवळ बसायचं, खेळायला बोलवायचं, गटकार्यात घ्यायचं. वर्गातल्या वजनदार मुलीने एकाकी मुलीजवळ बसून डबा उघडला की बाकीच्यांचा हिशोब बदलतो. हे काम मॉनिटरवर सोपवू नये, कारण मॉनिटर फळ्यावर नावं लिहिण्यात रमतो.

हाताळलेल्या प्रकरणांपैकी ३३९ प्रकरणं नंतर तपासली गेली तेव्हा ७८ टक्के ठिकाणी छळ थांबला होता. दटावणारी पद्धत चांगली की समजुतीची, यात एकूण फार फरक निघाला नाही. सातवी ते नववीतल्या मोठ्या मुलांत आणि नुकत्याच सुरू झालेल्या प्रकारात दटावणं जास्त चाललं. देशपातळीवरचे आकडे मात्र नम्र आहेत. पहिल्या वर्षी छळ सोसणाऱ्यांत सुमारे १५ टक्के घट झाली, म्हणजे पाच लाख मुलांच्या देशात अंदाजे साडेबारा हजार मुलं त्यातून बाहेर पडली. इतर देशांतले कार्यक्रम एकत्र करून ब्रिटनचे डेव्हिड फॅरिंग्टन आणि मारिया त्तोफी यांनी २०११ मध्ये काढलेली सरासरीही साधारण पाचवा हिस्सा घट अशीच आहे. आणि एक काटा कीवाच्या अभ्यासकांनीच दाखवून दिला. ज्या वर्गात छळ बराच कमी झाला आहे तिथे अजूनही सोसत राहिलेलं मूल इतर वर्गांतल्या तशाच मुलांपेक्षा जास्त खचलेलं आढळतं. सगळ्यांचं ठीक आहे, माझंच असं का होतं, तर माझ्यातच काही खोट असणार, असं त्याला वाटू लागतं. ‘आमच्या शाळेत असले प्रकार नाहीत’ असं अभिमानाने सांगणाऱ्या शाळांना हे ऐकवलं पाहिजे.

एवढा खटाटोप कशासाठी, ‘आम्हीही खाल्लाय मार, काय बिघडलं?’ असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. ब्रिटनमध्ये १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर अभ्यास चालू आहे. त्यातल्या सुमारे पावणेआठ हजार जणांची माहिती २०१४ मध्ये तपासली गेली. सातव्या आणि अकराव्या वर्षी वारंवार छळ सोसलेल्यांत पन्नाशीतही नैराश्याचं प्रमाण जास्त होतं, तब्येत आणि माणसांशी नाती कमकुवत होती. दुसऱ्या बाजूचंही ऐका. ओल्वेउस यांनी सहावी ते नववीत दादागिरी करणाऱ्या मुलांची पुढची नोंद काढली तेव्हा त्यातल्या सुमारे ६० टक्के जणांवर चोविसाव्या वर्षापर्यंत निदान एक गुन्हा शाबीत झाला होता. तेव्हा त्रास देणाऱ्या मुलाला अडवणं हे त्याच्याही भल्याचं आहे. त्याच्या आईवडिलांना हे पटवणं मात्र महाकठीण!

आता आपल्याकडचं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला बंदी आहे, पण त्याचा रोख मोठ्यांवर आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही, इतका तो कडक आहे. आणि तक्रारीकडे दुर्लक्ष करणाऱ्या संस्थाप्रमुखाने गुन्ह्याला मदत केली असं तो मानतो. वसतिगृहांना तो लागू होतो, ही गोष्ट निवासी शाळांतल्या पालकांनी लक्षात ठेवावी. सीबीएसईने २०१५ मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समिती नेमायला सांगितलं. राज्य सरकारने २०२२ मध्ये सखी सावित्री समित्या आणल्या. जातीवरून चिडवणं, हिणवणं हा तर वेगळाच मामला आहे. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळं बसावं लागे आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. तिथे छळ शाळेच्या रीतीतच होता. आज वर्गात जातीवरून नाव पडलं तर त्याची मुळं तिथपर्यंत जातात, आणि ‘मुलांची गंमत’ म्हणून ते दुर्लक्षिणारा शिक्षक टोकियोतल्या त्या चार सह्यांच्या पंगतीत बसतो.

कायदे आणि समित्या आहेत, तक्रारपेटीही आहे. ती कुठे टांगलेली असते ते एकदा बघा. बहुतेक शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, ये-जा असते तिथे, भिंतीवर, लहान मुलांच्या हाताला न पोचणाऱ्या उंचीवर. कुलूप गंजलेलं. सहावीतला मुलगा चिठ्ठी टाकायला तिथे गेला तर मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला कळतं. म्हणून पेटी रिकामी राहते आणि शाळा म्हणते, आमच्याकडे तक्रारच नाही.

त्यापेक्षा साधा उपाय, आणि तो ओल्वेउस यांच्या निनावी प्रश्नावलीशी नातं सांगणारा: वर्गशिक्षिकेने महिन्यातून एकदा सगळ्या वर्गाला सारखे कागद वाटावेत. नाव लिहायचं नाही. तीन प्रश्न: गेल्या महिन्यात वर्गात कुणाला एकटं पाडलं किंवा त्रास दिला का? कुठे? तेव्हा तू काय केलंस? ज्याला लिहिण्यासारखं काही नाही त्याने आज डब्यात काय आणलं ते सविस्तर लिहावं, म्हणजे साठही पेनं चालू राहतात आणि कोण काय लिहितंय ते शेजाऱ्याला कळत नाही. कागद बाईंनी स्वतः गोळा करून घरी वाचावेत. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत तीच दोन-चार ठिकाणं येत राहतील: स्वच्छतागृहामागची बाजू, जिन्याचा मधला टप्पा, रिक्षा किंवा व्हॅनमधलं मागचं बाकडं, क्लासला जायचा रस्ता. रिक्षाकाकांना याविषयी कुणी विचारत नाही. त्यांच्या आरशात बरंच काही दिसलेलं असतं. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपण बघत होतो, हे मूल पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने लिहितं.

साठ मुलांचा वर्ग, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात हे कधी करायचं, असं शिक्षक म्हणतील. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीतल्या चहाऐवजी दोघांनी आळीपाळीने मैदानावर चहा प्यावा, याला निधी लागत नाही आणि शासन निर्णयही लागत नाही.

पालकांसाठी थोडं. मूल सहसा सांगत नाही. सांगितलं तर आपण शाळेत जाऊन तमाशा करू आणि मग आणखी त्रास होईल, असा त्याचा हिशोब असतो. म्हणून खुणा वाचाव्या लागतात. रविवारी संध्याकाळी पोट दुखणं, कंपासमधल्या वस्तू सारख्या हरवणं, डबा न खाता परत येणं, जाण्यायेण्याचा रस्ता बदलायचा हट्ट, दिवसभर शाळेत लघवीला न जाणं. ‘तूही दे एक ठेवून’ हा सल्ला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी. ठेवून देता आली असती तर हा प्रकार इतका चाललाच नसता. आधी ऐकून घ्या. तारीख, ठिकाण, कोण होतं, कोण बघत होतं, हे वहीत लिहा. फोनवरचे मेसेज पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट काढा आणि मग वर्गशिक्षकांना भेटून लेखी द्या. दुसऱ्या मुलाच्या आईला फाटकात गाठू नका. मूल जगणं नकोसं झाल्याचं बोललं तर ते गंभीरपणे घ्या, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली आणि आज देशभर चालते. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. दोन्ही चोवीस तास, विनामूल्य.

आणि तुमचं मूल ना छळणारं ना छळलं जाणारं असेल, तर निश्चिंत होऊ नका. ते बहुधा बाहेरच्या वर्तुळात आहे. ‘आज काय शिकवलं?’ याऐवजी कधीतरी ‘आज वर्गात एकटं कोण बसलं होतं?’ असं विचारून बघा. नाव लगेच येतं. पुढच्या पालकसभेत टक्केवारीचा विषय संपला की हात वर करून तीन गोष्टी विचारा: मधल्या सुट्टीत मैदानावर कोणते शिक्षक असतात, तक्रार आली तर ती हाताळणारी दोन-तीन माणसं कोण, आणि दोन आठवड्यांनी त्या मुलाला पुन्हा विचारायची जबाबदारी कुणावर आहे. तीन नावं मिळेपर्यंत खाली बसू नका.